चिकूवरच्या पांढऱ्या कण्या

गुरुवार, एकादशी. फणसवाडी.

रविवारपर्यंत अळी गेली नाही तर चिकू तोडणार, म्हणतो वाडीचा मालक. सासऱ्यांच्या हातचं झाड! अंगावर पांढऱ्या कण्या चिकटलेल्या अळ्या मी आधी वेचून रॉकेलात बुडवल्या. अंडीच वाटली. आज कर्फ्यू उठला तसा धाकटा भाऊ आला, शेतकी खात्यातला. म्हणतो, "ताई, हे बारक्या गांधीलमाशीचे कोष. तिचीच पिल्लं अळीला आतून खातात. उरलेत त्यांना हात लावू नकोस, झाड वाचेल."

"आधी यायला काय झालं होतं रे?" ओरडलेच.

त्या कण्या... माझ्याच हातांनी. वर वाडीतल्या बायकांना शिकवलं, पांढऱ्या आधी वेचा. उद्या नळाला पाणी येण्याआधी दारोदार सांगायला हवं, मी चुकले. आजवर हे दोन शब्द ह्यांनाही म्हटलेले नाहीत.