मला तेलुगू कळतं

बाई, तुम्ही दर शिबिरात माझी जी गोष्ट कौतुकानं सांगायचात, ती खोटी होती. तुम्हाला ते माहीत नव्हतं. खोटं मी बोलले होते, आणि तेही तुमच्या तोंडावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता उकरून काय करायचं म्हणून मी गप्प बसले होते. पण गेल्या आठवड्यात एका पोरीनं असा काही प्रश्न विचारला की आता सांगावंच लागतंय.

बायकांना एकत्र बसवून मनातलं बोलू द्यायचं, हे काम तुम्ही मला शिकवत होतात. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतला गट हा मी एकटीनं घेतलेला पहिला. अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात विड्या वळतायत आणि तोंडं त्याहून जोरात चाललीयत. माझ्याशी मराठीत बोलायच्या, आपापसात तेलुगूत. मला तेलुगू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत सगळी तेलुगू विणकरांची घरं, लगोरी खेळता खेळता आलेली भाषा ती. पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं, आणि मग खरं सांगू? मजा वाटायला लागली. माझ्या साडीची टर उडवायच्या तेव्हा मी वहीत तोंड खुपसून हसू दाबायची. एक दिवस एक अक्का शेजारणीच्या कानाला लागल्या. माझी लेक सणाला आलीय असं मी सगळ्यांना सांगते, पण सासरच्यांनी तिला घालवून दिलंय, असं म्हणाल्या. तेलुगूत. झालं! पुढच्या बैठकीत मी अतिशहाणी सगळ्यांसमोर म्हणते, "मुलगी माहेरी परत आली तर त्यात लाज कसली? लपवायचं कशाला?" नाव घेतलं नाही, पण नजर अक्कांवर गेलीच. सगळ्या माना तिकडं वळल्या. अक्कांनी सूप उचललं आणि त्या निघून गेल्या, त्या परत बैठकीला आल्याच नाहीत.

जुळे सोलापुरातल्या तुमच्या स्वयंपाकघरात हे सांगितलं तेव्हा तुम्ही शेंगाची चटणी कुटत होतात. मला वाटलं, म्हणाल, जाऊ दे गं, हेतू चांगला होता. कसलं काय! बत्ता हातातच थांबला. "हेतू घाल चुलीत," तुम्ही म्हणालात. "त्यांनी तुझ्यासमोर दार लोटून घेतलं होतं आणि तू फटीला कान लावून बसलीस. आपण तिथं सतरंजी अंथरायला जातो, हेरगिरीला नाही. जा, सगळ्यांसमोर सांग, मला तेलुगू कळतं म्हणून." आणि लगेच स्टीलच्या डब्यात चटणी भरून दिलीत, रिकाम्या हातानं माफी मागायला जाऊ नये म्हणून. मी गेले, बाई. चटणी वाटली. बायकांनी भाकरीबरोबर मिटक्या मारत खाल्ली. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण तेवढ्यात कुणीतरी हसलं आणि माझा धीरच सुटला. डबा रिकामा करून तुमच्याकडं आले. "सांगितलंस?" "हो." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि डबा मलाच ठेवून घ्यायला लावलात. पुढं बारा गावच्या शिबिरांत 'सगळ्यांसमोर चूक कबूल करणारी आमची एक मुलगी' म्हणून माझा दाखला देत राहिलात आणि मी मागच्या रांगेत बसून ऐकत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता नव्या मुलींना मीच शिकवते. फळ्यावर पहिला नियम लिहिते, आपल्याला काय कळतं ते गटाला आधी सांगावं. मग तीच गोष्ट सांगते, तुमच्याच शब्दांत. गेल्या आठवड्यात सांगून झाली, तर विणकर घरातली एक मुलगी डोळे मोठे करून विचारते, "मॅडम, मग त्या बायका काय म्हणाल्या?" मी म्हटलं, चहाची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारीला गेले. अक्का त्याच घरात, तशाच सूप घेऊन बसलेल्या, केस तेवढे पांढरे. मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं तेलुगूत सांगितलं. त्यांनी मुद्दाम मराठीत उत्तर दिलं.

"म्हाईत हाय की. शेजारीण सोडली तर मी कुणालाच बोलली न्हवती. तिला इचारलं, ती देवाची आण घ्यायली. मग ऱ्हायलं कोण?"

"मग तेव्हाच मला का नाही विचारलंत?"

"मी का इचारू? तुजं तू सांगायचं. चटणी घेऊन आलतीस तवा दारामागं हुबी हुती मी. म्हटलं, आज सांगती. आता सांगती." विडीचा दोरा दातानं तोडून त्या म्हणाल्या, "लई तरास झाला, ताई. वस्तीभर झालं. लेक कितीक दिवस दाराबाहेर पडली न्हाय."

मला रडू फुटलं. त्यांनी समजूत घातली नाही, रडू दिलं. तुम्हीही तेच केलं असतंत. लेक आता बालवाडीत शिकवते म्हणे, पोरं तिला सोडत नाहीत. निघताना मी चपला घालत होते, तर आतून अक्कांचा आवाज आला, "बैठक कवा असती आता?"

बाई, ती उद्या आहे. त्या नव्या मुलींनाही घेऊन जाणार आहे, म्हणजे त्या विणकर घरातल्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर अक्कांकडूनच मिळेल. हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या त्या डब्याखाली ठेवीन. डबा आजवर वापरलाच नव्हता, हात धजत नव्हता. आज घासून त्यात चटणी भरली. तुमच्यासारखी काही जमली नाही, मीठ जास्त पडलंय. अक्कांनी विचारायच्या आधीच सांगणार आहे.