सगळं ठीक आहे, ताई

३ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची लखनऊला! द्रौपदीमावशीनं दारातच जयभीम करून पोटाशी धरलं. काका गेले तरी तिनं इंदिरा नगरचं घर काही सोडलं नाही. तिची एकुलती एक प्राची मी नोकरीला लागतेय त्याच दुकानात गोदाम सांभाळते. पोरगी मोठी फटकळ. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, वर मलाच ‘दीदी, समझती तो हूँ यार’ म्हणून गप्प करते. मावशी कपाळाला हात लावते.

५ नोव्हेंबर
आमचं दुकान अमीनाबादजवळ. भांडी, चादरी, पंखे, काय म्हणाल ते. वर चार मजले, खाली तळघरात गोदाम. तिथं मोबाइल लागत नाही म्हणून वॉकीटॉकी घ्यायचे आहेत, आणि निवड पडली नव्या मॅनेजरणीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात! दोन नमुने आलेत. एक दणकट पण महाग. दुसरा छोटा, कमरेला अडकवायचा, लायसन्सची कटकट नाही. बटण दाबून बोला, सोडून ऐका. मालक रस्तोगीजींना अर्थातच छोटा आवडलाय.

६ नोव्हेंबर
छोटा सेट देऊन प्राचीला तळघरात धाडलं. मी चौथ्या मजल्यावरून हाक मारली. लगेच उत्तर, जरासुद्धा खरखर नाही: सगळं ठीक आहे, ताई. चक्क मराठीत! घरी सांगितलं तर मावशीचे डोळेच भरून आले. लेक यायच्या आत तिनं शिरा करून ठेवला. मी छोट्या सेटवर पसंतीची मोहोर उठवली.

१२ नोव्हेंबर
सेट सगळ्यांना वाटले. प्राचीच तेवढी कुरकुरते, खाली काही ऐकूच येत नाही म्हणून. मी म्हटलं, नाटकं पुरे, रोज तर किती गोड बोलतेस. ती म्हणाली की पहिल्या दिवशीसुद्धा सेट मुकाच होता, कंटाळून ती बाहेर चहा प्यायला गेली होती. थट्टा करायची खोडच आहे तिला.

१४ नोव्हेंबर
थट्टा नव्हती. आज प्राची माझ्यासमोर जेवत होती. टेबलावरचा सेट तिच्या आवाजात बोलला, सगळं ठीक आहे, ताई. तिच्या तोंडात घास होता.
रस्तोगीजींना म्हटलं, सेट बदला. ते म्हणाले, आवाज येतोय ना, मग बिघाड कसला? प्राचीला म्हटलं, सोड ही नोकरी. बस ये हफ़्ता निकाल लूँ, म्हणाली. मला फार भीती वाटतेय.

१७ नोव्हेंबर
प्राची गेली.
मी शहराबाहेर बख्शी का तालाबला नव्या गोदामाची जागा बघायला गेले होते. जाताना सगळ्यांना बजावलं होतं, तिची विचारपूस करत राहा. त्यांनी केली. सेटवर. उत्तरं येत राहिली म्हणून खाली कुणी फिरकलंच नाही. सकाळीच लोखंडी रॅक तिच्या अंगावर कोसळला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तर वाचली असती.
सेट मी निवडला. मीच.

१९ नोव्हेंबर
मावशी रडत नाही. माझा सेट तिनं उराशी धरलाय. इथून दुकान केवढं लांब, हे सेट इतक्या लांब चालतच नाहीत — तरी तो बोलतो. मावशी म्हणते, बघ, माझी पोर किती छान मराठी बोलायला लागली. हिसकावायला गेले तर चावली मला.

२१ नोव्हेंबर
मावशी घरात नाही. सेटही नाही. कालपासून तो एकच म्हणत होता — आई, खाली ये —

२१, दुकानात
फोनवर लिहितेय. दारावरचा गार्ड म्हणाला, अम्माजी नीचे गईं. मावशी सापडली, जिवंत आहे. रॅकमागे बसलीय. ओठ हलताहेत, पण आवाज नाही —

माझ्या पाठीमागे गोदामाचं दार बंद झालं. उघडत नाही. बडवतेय, मुठी सोलल्या, पण आवाजच होत नाही. ओरडले. माझाही आवाज नाही. प्राची अशीच ओरडली असेल — अगं बाई गं —

दारापलीकडे रस्तोगीजी आहेत. सेटवर मला विचारताहेत, नेत्राजी, कहाँ हैं? त्यांच्या सेटमधून उत्तर आलं. माझ्या आवाजात, हसून. हम दोनों पीछे से निकल गए, आप ताला लगा दीजिए —

नका — मी इथं — इथंच, दाराला —

किल्ल्या वाज