जागेवरचं उत्तर

७ एप्रिल ८६, उस्मानाबाद
दादाचं पार्सल आलं, मस्कतहून. कॉम्प्युटर! चष्म्याच्या घराएवढा. एका ओळीचा पडदा, चिंचोक्याहून बारीक बटणं. आमच्या भूजल खात्याच्या ऑफिसात सगळे हसले. साहेब म्हणाले, "खेळणं छान आहे. पण आकडे इथं टेबलावरच लागतील."
लागतील म्हणे. तीन वर्षं बघतेय. मी उन्हात खुंट्या ठोकायच्या, जमिनीत करंट सोडून रीडिंग आणायची. पाणी कुठं लागेल ते टेबलावर ठरतं. आणि बोअरची जागा सरकत सरकत सरपंचाच्या गोठ्यापाशी जाते.

९ एप्रिल
लोहाऱ्याच्या रस्त्यावर जीपमध्येच प्रोग्राम भरला. खड्डा आला की भलतंच बटण. आमचे ड्रायव्हर रशीदचाचा : "बाई, ये डब्बा पानी सुंगता क्या?" म्हटलं, सुंगत न्हाय चाचा, गणित करतंय. त्यानंतरचे खड्डे त्यांनी हळू काढले.

११ एप्रिल
गावाचं नाव लिहीत नाही. दोन जागा तपासल्या. एक सरपंचाच्या मळ्यालगत, दुसरी आमच्या लोकांच्या वस्तीमागं. उन्हात पडद्यावरचं दिसेना. पदर डोक्यावरून ओढून आत बघितलं. बायका लई हसल्या.
मळ्याखाली कोरडा कातळ. वस्तीमागं दीडशे ते एकशे ऐंशी फुटांत पाणी असावं. आकडे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचले, जागेवर चुन्याची फुली मारली.
सरपंच : "बाई, मशीनचं काय खरं असतंय व्हय? साहेब ठरवतील."
"साहेबांकडं हाच आकडा जाणार. ह्या सगळ्यांनी ऐकलाय."
वस्तीतल्या जनाबाई, साठीच्या, रोज दोन मैलांवरून घागर आणतात. फुलीभोवती दगड रचत बसल्या. "आता हलवून दाखवा म्हणावं कुणी."

१४ एप्रिल
जयंती. बेंबळीला घरी. मिरवणुकीला निघण्याआधी बाबांना सगळं सांगितलं. ते चपला घालायचे थांबले. मग, "नोकरी जाईल." मग, "आकडा बरोबर आहे ना?"
दोनदा तपासलाय म्हटलं.
"मग बदलू नको."

१७ एप्रिल
मेमो. खाजगी यंत्र सरकारी कामात वापरलं, लोकांना चिथावलं वगैरे. साहेब : "यंत्र जमा करा. आणि जागा मळ्यालगतची, ह्या कागदावर सही करा."
दोन्हीला नाही म्हटलं.
"आणि पाणी नाही लागलं तर?"
"तर माझं चुकलं असं लिहून देईन. आत्ता नाही."
बाहेर गलका. जनाबाई आणि वस्तीतल्या दहा-बारा बायका, जागा बदलणार असं गावात कळल्यावर सकाळच्या एस्टीनं आलेल्या. साहेबांना पायरीवर यावं लागलं. जनाबाई एवढंच म्हणाल्या, "जागा तीच हाय का न्हाय, तेवढं सांगा. मग आमी जातो."
साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तीच. कोरडी निघाली तर जबाबदारी ह्या बाईंची."
तिथंच लिहून दिली. त्यांच्याच पेनानं.

२३ एप्रिल
बोअरची गाडी सकाळी आली. साहेबही आले. सरपंच लिंबाखाली खुर्ची टाकून.
साठ फूट, धूळ. शंभर, धूळ. एकशे चाळीसला जनाबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.
एकशे साठ. तोंडात, कानात, सगळीकडं भुकटी.
एकशे ऐंशी. कोरडं.
सरपंच हसले, मोठ्यानं नाही. जीपच्या बॉनेटवर यंत्र ठेवून सगळी रीडिंग पुन्हा भरली. तोच आकडा. चूक असेल तर माझ्या रीडिंगमध्ये असेल, किंवा… माहीत नाही. मळ्यालगत तरी नक्कीच नव्हतं. हे आजही म्हणेन, उद्याही.
बोअरच्या मशीनवाल्यानं साहेबांना विचारलं, "बंद करू?"
"करा."
मी म्हटलं, "मंजुरी दोनशे फुटांची आहे. वीस फूट बाकी आहेत."
साहेब : "बाई, आता पुरे झालं."
"कागदावर दोनशे आहे, साहेब."
मशीनवाला एकदा त्यांच्याकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. हे त्याच्यासमोर उभ्यानं लिहितेय, म्हणजे मी इथून हलत नाही हे त्याला दिसावं.
"पुढचा रॉड लावा," म्हटलं.
लावतोय.