लाल शाईची ओळ

रत्नागिरी, ता. २२ नोव्हेंबर १९३६

चि. हरिश्चंद्र यास आत्माराम मास्तरांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दापोलीहून पाचव्या दिवशी पोचले. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात. दुपारी ओटीवर बसलो की अजून शनिवारच्या कवितांच्या भेंड्या ऐकू येतात. वर्गाच्या खिडकीबाहेर उंडिणीच्या झाडाची सावली, आत तुम्ही बत्तीस जण, आणि कोपऱ्यात तुझा जिवलग गंगाराम. साधे बोलताना अडखळणारा तो मुलगा कविता म्हणू लागला की पाण्यासारखा वाहायचा. मी डोळे मिटून ऐकत असे.

तू लिहितोस, "गंगाराम माझ्या शब्दांनी मेला. मला मुलांपुढे उभे राहण्याचा अधिकार नाही, राजीनामा लिहून ठेवला आहे."

हरी, तुझ्या पत्रात सगळे आहे. लाल शाई तेवढी नाही. माझी लाज राखलीस.

तुझी वही मी पकडली तेव्हा तीत गंगारामच्या थट्टेच्या दोन ओळी होत्या. पहिली बरी होती: "गंगूचा हा मचवा अडला." दुसरी लंगडत होती. लंगडी ओळ दोन दिवसांत गल्लीतच मेली असती. मी काय केले? बोटांवर मात्रा मोजल्या आणि लाल शाईने तुझी ओळ खोडून लिहिले, "'ग'च्या खडकी फुटुनी पडला." वर म्हणालो, "थट्टा करावी, पण चालीत करावी." वर्गाने ती म्हटली. मी टेबलावर ताल धरला.

गंगाराम तेव्हा तुझ्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

पुढच्या शनिवारी त्याच्यावर 'ग' आला. तो उठला. कधी न अडणारी त्याची कविता पहिल्याच अक्षरावर अडली. मागून कोणीतरी आपली ओळ गुणगुणले. तो खाली बसला, तो शाळेतूनच उठला.

आठ दिवसांनी त्याची आई सगुणाबाई मासळीची पाटी शाळेच्या पायरीखाली ठेवून उभी राहिली. "गुरुजी, पोर घरातपन बोलत नाय. कोन काय बोललान त्याला?"

मी म्हणालो, "कोणी काही नाही. वयच तसे असते."

बारा वर्षे हेच वाक्य मला पाठ आहे. बाकी कविता विसरत चाललो.

गेल्या महिन्यात पहाटेच्या धुक्यात तो मचव्यावरून पडला. त्या मचव्याचा तांडेल दादू मला म्हणाला, "दोर माझ्या हातातच होता, गुरुजी. एक हाक मारलीन असती तर त्या अंगाला टाकला असता. पोर तोंडातून शब्द काढीना." पाण्यात त्याच्या मनात काय आले ते कोणास ठाऊक. पण मला रोज तीच ओळ ऐकू येते, चालीत, कुठेही न अडता.

तू तेरा वर्षांचा होतास. मी सत्तेचाळीस. राजीनामा फाडून टाक. तुझ्या वर्गातही एखादा अडखळणारा असेल. त्याचा शब्द येईपर्यंत थांब, आणि कोणाला हसू देऊ नकोस. मला एवढेही जमले नाही.

वही अजून असेल तर पोस्टाने पाठव. सगुणाबाईला वाचता येत नाही. तिच्या ओट्यावर बसून मीच वाचून दाखवणार आहे. शब्द कोणाचे, हे ती पुन्हा विचारील. या खेपेस सांगेन.

दुसऱ्या ओळीचा कर्ता,
आत्माराम