पांढऱ्या कोटातला फोटो

नेयाफू, वावाऊ बेट
९ एप्रिल १९९९

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र परवाच्या बोटीने मिळालं. सुवामध्ये खोली बरी मिळाली हे वाचून आईचा जीव भांड्यात पडला. तू तिथे नुसत्या पावावर दिवस काढतेस, असं ती चर्चमध्ये भेटेल त्याला सांगत सुटली होती.

तू तुझं व्यायामोपचाराचं प्रशिक्षण नीट पूर्ण कर, इथल्या तुझ्या वर्गाची काळजी करू नकोस. रोज सकाळी हॉलमध्ये बायका जमतात. मी तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून ओरडते. लोसे मावशी म्हणते, धाकटीच्या अंगात थोरली आलीय! हात न टेकता खुर्चीवरून उठणं, टाचा उचलणं, माशांचे डबे घेऊन हात वर करणं, सगळं चालू आहे. आई आता जमिनीवर मांडी घालून चटई विणते आणि कोणी आलं की तुझं कौतुक करते. मधुमेहाच्या गोळ्याही घेते.

एक काम कर. तुझा पांढऱ्या कोटातला फोटो पाठव, हॉलमध्ये लावते. कामचुकारांना जरा धाक राहील. उआइसेलेचा नमस्कार. त्याची बोट बुडाल्यापासून बिचारा नुसता बसून होता, आता कसल्याशा धंद्याच्या खटपटीत आहे. घरात नवरा हसताना दिसला की बरं वाटतं गं.

धाकटीवर माया आहे तशीच असू दे.
तुझी,
हेपी


सुवा
२ मे १९९९

चि. हेपी हिस अनेक आशीर्वाद.

फोटो सोबत आहे. कोट मैत्रिणीचा आहे, बाह्या लांब दिसतील, त्यावरून चिडवू नकोस.

आईच्या पायांकडे लक्ष दे. तिच्या तळव्यांना आता दुखलं-खुपलं कळत नाही. रीफच्या खडकांवर शिंपले वेचायला गेली तर बूट घालायला लाव, आणि संध्याकाळी आरसा धरून तळवे बघ. चालणं मोडू देऊ नकोस. मांड्यांना काम मिळालं की रक्तातली साखर त्या वापरतात. आपण बसून राहिलो की ती तशीच साचते. रविवारी उमूच्या खड्ड्यात भाजलेलं जेवण झाल्यावर तिला झोपू न देता धक्क्यापर्यंत घेऊन जा. कुरकुरेल, पण जाईल.

निघताना हॉस्पिटलातली नर्स वर्ग घ्यायला तयार होती. मी तिला म्हटलं, तुम्ही कशाला त्रास घेता, माझी बहीण आहे की.

सगळ्यांना माझी आठवण सांग. तुझ्या चार ओळींची वाट बघते.
तुझी,
ताई


नेयाफू
२० जून १९९९

चि. कालिसी हिस मामाचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. रागावलोय म्हणून लिहितो.

बाहेरच्या बेटांवरून परत आलो तर दुकानात नोनूच्या फळांच्या रसाच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीवर तुझा फोटो. खाली छापलंय की हॉस्पिटलच्या कालिसीताई स्वतः हाच रस देतात. चर्च सुटलं की उआइसेले दारात उभा राहतो आणि लोकांना सांगतो, हे प्या, मग गोळ्याही नकोत आणि घामही गाळायला नको. तुझा वर्ग कधीचाच बंद पडलाय. हॉलमध्ये खोकी रचली आहेत. लोसेला विचारलं तर तीच माझ्यावर उखडली, म्हणाली शिकलेली पोर सांगते ते खोटं कसं असेल?

तुझ्या आईच्या डाव्या टाचेत शिंपला रुतला होता. तिला पत्ताच नाही. मी घरात पाऊल टाकलं तोच वास आला. उचलून हॉस्पिटलात नेली. गोळ्या तिने केव्हाच सोडल्यात. डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.

तू खरंच असं सांगितलंस का गं? सांगितलं असशील तर मला तोंड दाखवू नकोस. नसशील तर पहिल्या विमानाने ये.
तुझा,
केलेपी मामा


नेयाफू
४ जुलै १९९९

हेपी,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

मी आले. प्रशिक्षण अर्ध्यावर टाकलं. आईचा पाय काढला. तुम्ही दोघं आदल्याच दिवशी नुकुअलोफाला निघून गेलात, हे शेजाऱ्यांकडून कळलं.

मी हॉस्पिटलात शिरले तर व्हरांड्यात लोसे मावशी. तिची साखर इतकी चढली आहे की डोळ्यांना धुरकट दिसतं. मला आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, बरं झालं पोरी आलीस, तुझा रस संपलाय. माझा रस! तिच्या पायाशी बसून मी समजावत होते आणि ती मान हलवत होती, पण तिला पटलेलं दिसलं नाही. कोटातली मी खरी आणि समोर बसलेली मी खोटी, असं झालंय.

मी माझ्या हाताने फोटो पाठवला. तू तो मागितलास त्याच पत्रात आईच्या गोळ्यांचं लिहिलंस, वर्गाचं लिहिलंस. तेव्हा खरं किती होतं? परक्या माणसाने फसवलं असतं तर मी चार लोकांत त्याला उभं केलं असतं. तुझं काय करू?

उत्तर दे. बहाणे नकोत.
कालिसी


नुकुअलोफा
१५ जुलै १९९९

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तू घेणार नाहीस, तरी.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा सगळं खरं होतं. फोटो हॉलसाठीच मागितला, आईशपथ. भिंतीवरून तो उआइसेलेने काढून नेला. बाटल्या छापून आल्या तेव्हा मी भांडले. तो म्हणाला, बोट गेली, आता हेही घालवतेस का? मी गप्प बसले. सकाळी हॉल उघडायला जायची लाज वाटू लागली, म्हणून वर्गही बंद केला. गोळ्या सोड असं मी आईला कधीच म्हटलं नाही. सोडू नकोस, असंही म्हटलं नाही.

आरसा धरायचं मात्र माझ्याच्याने झालं नाही. तळवे पाहायला बसले असते, तर तिच्या तोंडाकडेही पाहावं लागलं असतं.

आईला काय सांगितलंस? ती मला शिव्या घालते का?
तुझी हेपी (असं म्हणू देशील तर)


नेयाफू
८ ऑगस्ट १९९९

हेपी,

आई तुला शिव्या घालत नाही. एक शब्दही बोलत नाही तुझ्याविरुद्ध.

मी तिला सगळं सांगितलं. फोटो कसा गेला, मी रसाबद्दल कधी अवाक्षरही काढलं नव्हतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला माहीत होतं. बाटली पाहिली तेव्हाच कळलं होतं म्हणे की हे माझ्या पोरीचं बोलणं नव्हे. मग प्यायलीस का, विचारलं. तर म्हणते, तू रोज उठ म्हणायचीस, चाल म्हणायचीस, कंटाळले होते गं. हेपी नुसता पेला पुढे करायची आणि जवळ बसायची.

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तुझं मी समजू शकत होते. तिचं कसं समजू?

वर्ग पुन्हा सुरू केला आहे. तीन-चार जणी येतात, बाकीच्या मला पाहिलं की रस्ता बदलतात. लोसे मावशी मात्र कोणाचा तरी हात धरून येते, खुर्चीवरून उठते, बसते, आणि बाटलीही सोडत नाही.

आईची जखम भरली. गुडघा आखडू नये म्हणून रोज सरळ करून घेते. मामाने अंगणात दोन आडवे बांबू बांधून दिले आहेत, त्यांच्यामध्ये ती एका पायावर उभी राहते. मी सगळं बरोबर धरते, शिकलेच आहे मी ते. पण उडी मारून पाऊल पुढे टाक म्हटलं की थांबते. रोज तेच. म्हणते, हेपी आली की टाकीन.

तेव्हा ये. मला विचारशील तर तू येऊ नयेस. पण ती अशीच उभी राहिली तर उरलेला पायही जाईल, म्हणून लिहिते आहे. डाव्या अंगाने कसं धरायचं ते मी दाखवीन. दाखवताना तुझ्या हाताला हात लागेल, तेवढं दोघींनाही सोसावं लागेल.

बोट सोमवारी आहे.
कालिसी