साडीचं दुसरं टोक

माझ्या आईला पूनमचा सोलापुरातून नमस्कार.

फोनवर बोलाय लागलं की दुकानातल्या सगळ्यांचे कान इकडं असत्यात, म्हणून लिहितीय. काळजी करू नको, मी बरी हाय. नवी पेठेत गर्दी लई, पण बसाय स्टूल मिळतंय.

आमच्या दुकानात अंबुमावशी म्हणून जुनी बाई हाय. गिऱ्हाईक गेलं की उलगडलेल्या साड्यांच्या घड्या दोघीदोघींनी घालायच्या असत्यात. ही रोज माझ्याच समोर टोक धरून उभी. "जेवलीस का? झोप लागती का?" मला वाटलं, मालकाला जाऊन सांगत असणार. म्हणून मी रोज एकच सांगायची, "मजेत हाय की."

काल मी चिडून इचारलं, "मावशी, सारखं कशाला इचारताय?"

ती म्हणाली, "मजेत हाय म्हणतीस, तवाच टोक लई घट्ट ओढतीस. घडी वाकडी येती बघ."

खरंच वाकडी होती, आई. मी तितंच रडले. तिनं टोक सोडलं न्हाय.

आता मला तुझाच संशय येतोय. तूबी फोनवर लगेच "बरी हाय" म्हणतीस. खरं लिही, मी हिकडं आल्यापासून घडी घालताना वाकळेचं दुसरं टोक कोण धरतंय?

तुझीच,
पूनम