प्रस्तावनेतलं एक वाक्य

प्रिय तळटीप,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, निदान ठीक म्हणावं इतपत तरी आहे. फोनवर तू बरी आहेस ना विचारतेस, मी बरी आहे म्हणते, मग आपण दोघी हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवतो. त्यात हे बोलणं मावेना, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. सगळी पानं तपासून माझ्या टेबलावर पडली आहेत, फक्त पाठवायची बाकी आहेत. संपादकबाई सारख्या फोन करतात आणि मी शब्दसूची राहिली आहे अशी थाप मारते. जन्मात कधी असं केलं नव्हतं. का करते आहे ते सांगायलाच हे पत्र आहे, पण तुझी आई सरळ मुद्द्यावर कधी आली आहे का?

बाबा विसरतात हे तुला माहीत आहे. किती विसरतात ते मी सांगितलेलं नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणं तर तरुणपणापासूनचं, त्याला कोण विचारतो. पण परवा एक जुनं कात्रण हाती लागलं, आणि कधीच पडून गेलेल्या सरकारवर ते दिवसभर धुमसत होते. जेवेनात. शेवटी मी म्हटलं, अहो, पडलं ते सरकार. तर इतके खूश झाले की खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना ती बातमी द्यायला गेले. तेही देवमाणूस, त्यांनी हातातलं काम ठेवून अभिनंदन केलं. मी जिन्यात उभी राहून हसले आणि मग तिथेच पायरीवर बसून रडले. इतकी वर्षं रुग्णालयात लोकांच्या आईवडिलांची समजूत घातली मी, पण स्वतःच्या घरात त्यातलं काही उपयोगी पडत नाही बघ.

आपल्या घरासारखं विचित्र घर दुसरं नसेल. इतर घरांत जेवताना मुलांना भाजी संपव म्हणतात, आपल्याकडे कुणी काही सांगितलं की बाबांचा प्रश्न तयार, कुणी पाहिलं? वर्गातल्या मुलीने तुला ढकललं तरी कुणी पाहिलं, दूधवाला पाणी घालतो म्हटलं तरी कुणी पाहिलं. मी कपाळाला हात लावायचे. तू मात्र त्यांच्या लिहायच्या टेबलाखाली बसून बाहुलीलाही तेच विचारायचीस. तिथे पायाशी बसायचीस म्हणूनच तर त्यांनी तुला हे नाव ठेवलं. एवढ्या जाडजूड पुस्तकांतून ते शेवटी एकच गोष्ट सांगत आले. राज्यकर्त्यांचं खोटं भाषणात जन्मत नाही, ते आधी एखाद्या खोलीत जन्मतं, जिथे विचारायला हवं असतं आणि कुणी विचारत नाही. लोक म्हणतात खोटं बोल पण रेटून बोल. बाबा म्हणायचे, रेटायची गरजच पडत नाही, ऐकणारे सभ्य असले की पुरतं.

आता त्या प्रकरणाबद्दल. मला माहीत आहे, इथे तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. मंत्र्यांची भाषणं लिहायची नोकरी तू धरलीस तेव्हा बाबा एक शब्द बोलले नाहीत, उलट तुझं पहिलं भाषण त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलं. पुढे नदीकाठची ती वस्ती उठवली, आणि लोकांनी जागा आनंदाने सोडली हे वाक्य भाषणात आलं. तिथून ते वर्तमानपत्रांत गेलं आणि बघता बघता शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलं. बाबांनी त्या वाक्याचा माग काढत या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं. ते तुझं वाक्य आहे हे त्यांना ठाऊक होतं. नाव घातलं नाही, पण म्हणून काय झालं? तुला आधी सांगितलंही नाही. तू ते दुकानात उभ्याउभ्या वाचलंस आणि तेव्हापासून या घराची पायरी चढली नाहीस. तुझं चुकलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने जगभरच्या लोकांना विचारा म्हणून सांगितलं, त्याने स्वतःच्या लेकीला विचारलं नाही, याचा राग मला आजही आहे. तुम्ही दोघं एका माळेचे मणी. मी मधला दोरा, दोन्हीकडून ताणला जाणारा.

नव्या आवृत्तीसाठी मी त्यांना पानं वाचून दाखवते. त्यांना अक्षरं दिसतात, पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते. ऐकताना मात्र जुनी धार परत येते, चूक असली की बोट वर होतं. मग ते प्रकरण आलं. मी पानं उलटून पुढे जावं म्हणत होते, पण वाचलं. ते लक्ष देऊन ऐकत राहिले. पुन्हा वाच म्हणाले. मग म्हणाले, या भाषणात इतर प्रत्येक ठिकाणी गाव आहे, तारीख आहे, आकडा आहे, फक्त या एका वाक्याला काहीच आधार नाही. इतकं नेटकं लिहिणारं माणूस इथेच ढिलं कसं पडेल? हे त्याने लिहिलेलं नाही, त्याच्याकडून लिहवून घेतलं आहे. आणि मग पुस्तकाच्या लेखकावर जे उखडले म्हणतेस. म्हणाले, हा गृहस्थ त्या लिहिणाऱ्याला जाऊन भेटला का नाही, साधं विचारता येत नव्हतं का याला. पुस्तक आपलंच आहे हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात नव्हतं. मला समासात टीप लिहायला लावली, की लेखकाने इथे विचारायला हवं होतं. ती टीप आता छापली जाणार आहे. त्या वाक्याचं खरं काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आता वाटतं, मीसुद्धा त्या सभ्य ऐकणाऱ्यांतलीच.

आणि आता खरी गोष्ट. रविवारी मी वाचायला बसले की त्यांना मी दिसत नाही, तू दिसतेस. पहिल्यांदा मला कळलंच नाही. वाचता वाचता थांबवून म्हणाले, दमलीस का, आईला हाक मार, चहा टाकेल ती. मी उठले, आत जाऊन चहा टाकला, कप त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा तू होऊन वाचायला बसले. काय करू, सांग. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका निवांत असतो की मला माझं नाव सांगायचा धीर होत नाही. हेवाही वाटतो थोडा, हसू नकोस.

मागच्या आठवड्यात त्यांनी प्रस्तावना सांगितली आणि मी लिहून घेतली. शेवटी आभार मानताना म्हणाले, लिही, माझी मुलगी रविवारी येऊन माझ्याशेजारी बसते आणि मला वाचून दाखवते. मी लिहिलं. त्यांनी कागद हातात घेऊन खाली सही केली. सही अजून तशीच आहे, ठसठशीत. जन्मभर लोकांची खोटी वाक्यं शोधणाऱ्या माणसाच्या शेवटच्या पुस्तकात, त्याच्याच सहीच्या वर, हे एक वाक्य खोटं आहे आणि ते त्याला माहीत नाही. मला ते खोडवत नाही. तसंच छापायला पाठववतही नाही. शेवटचं प्रकरण मी एकटीनेच तपासलं, त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही, मुद्दाम राखून ठेवलं आहे. तुला ते ओळखतील की नाही, मी सांगू शकत नाही. तू त्यांना माफ करावंस असंही माझं म्हणणं नाही, ते तुझं तू बघ. पण येत्या रविवारी ये, त्यांच्याशेजारी बस, आणि तेवढं एक वाक्य खरं कर.

तुझीच,
आई